गाडी माझी, रस्ता चाकांचा

...नाही, तुम्ही हसा, हसायला तुमचं काय जातंय! पण मला सांगा, चाकांनी माणसाचं ऐकायचं की माणसानं चाकांचं? आणि मी काही पेंगत नव्हतो, घेतलेली नव्हती, दुपारचे चार वाजलेले, लख्ख ऊन, आणि तुम्हाला सांगतो, स्टिअरिंग माझ्या हातात होतं! दोन्ही हातांत! घट्ट!

थांबा, नीट सांगतो. आमच्या शेडमधली ती जुनी गाडी माहीत आहे ना? नऊ वर्षं मी तिच्या मागे लागलोय. इंजिन उतरवलं, चढवलं, पत्रा ठोकला, रंग खरवडला, पुन्हा लावला, आणि बायको रोज दारात येऊन विचारायची, 'अहो, ही चालणार कधी?' मी म्हणायचो, 'चालली की पहिली फेरी तुला. थेट तळ्यापर्यंत!' ती म्हणायची, 'तोवर माझे गुडघे चालले म्हणजे मिळवली.' नऊ वर्षं एक शब्द दिलेला, आणि तो पाळला नाही तर त्या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत उरणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

राहिली होती फक्त चाकं. मिस्त्री म्हणतो, 'साहेब, साधी पत्र्याची बसवा, वर चकचकीत टोपी लावा, झालं काम!' अहो, एवढ्या देखण्या गाडीला घमेली लावू? मग म्हणतो, 'अ‍ॅलॉय लावा, पाच पाकळ्यांची, सगळे लावतात.' सगळे लावतात म्हणून तर नकोत! जुन्या गाडीला शोभतात ती तारांची चाकं. बहात्तर तारा, एकीतून एक ओवलेल्या, आणि मधोमध तो दोन पंखांचा मोठा नट, हातोडीनं ठोकून कसायचा. ऊन पडलं ना, की उभ्या गाडीचीही चाकं फिरल्यासारखी वाटतात. म्हणजे... मला तेव्हा वाटायचं, की नुसती वाटतात.

मिळाली एका काकूंकडे. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, वर्षापूर्वी गेले. त्यांची गाडी काकूंनी देऊन टाकली, चाकं तेवढी ठेवली. कुठे ठेवली असतील? माळ्यावर? अंगणात? पलंगावर! यजमानांच्या बाजूला, चारही, वर चादर ओढलेली! मी दारातच थिजलो. काकूंनी हळूच चादर बाजूला केली, एका तारेवर नखानं टिचकी मारली, टिंग! 'दर रविवारी चारला तळ्यावर जायचो आम्ही. त्याआधी ते एकेक तार वाजवून बघायचे.' आणि मी चाकं उचलून निघालो तर मागून म्हणाल्या, 'चाकांना आमचं घर पाठ आहे हं.' मी हसलो. मूर्ख माणूस!

बायकोला बसवण्याआधी एकट्यानं चाचणी घेतली. सोमवार ते शनिवार गाडी म्हणजे गरीब गाय. जिकडे वळवाल तिकडे वळेल. रविवारी चारला बाहेर काढली, शेवटची एक चाचणी म्हणून, मला जायचं होतं उजवीकडे, गाडी गेली डावीकडे. मी स्टिअरिंग ओढतोय, ते फिरतंय, आणि पुढची चाकं त्यांच्या त्यांच्या मर्जीनं... गल्ली, दुसरी गल्ली, आणि काकूंच्या दारात येऊन उभी! इंजिन आपोआप बंद. सगळं गप्प. फक्त एक तार वाजत होती. टिंग... टिंग... चाक थांबलेलं असताना! तुम्हाला सांगतो, स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण हात गार पडले होते.

मिस्त्रीला दाखवली. त्यानं दोरी लावून मोजलं, पुन्हा मोजलं. 'साहेब, सूतभरसुद्धा फरक नाही. गाडी सरळ आहे.' अहो, मी तीस वर्षं रस्ते मोजण्याच्या ऑफिसात काढली, सरळ म्हणजे काय ते मला शिकवतो! मग माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली. डावीकडची चाकं उजवीकडे, उजवीकडची डावीकडे! नट ज्याच्या त्याच्या बाजूला ठेवले, कारण दोन्हीकडचे आटे उलटे असतात, तेवढी अक्कल आहे मला. म्हटलं, ओढ उलटली की रस्ताही उलटेल. आणि उलटला! पुढच्या रविवारी गाडी उजवीकडून गेली, वेगळ्या गल्लीतून, वेगळ्या वळणानं, आणि उभी राहिली... काकूंच्या मागच्या दारात!

आता पुढच्या दारात गाडी थांबली तर पाहुणा म्हणतात. मागच्या दारात थांबली तर काय म्हणतात, ते मी कशाला सांगू?

'चाकं काढून टाका' म्हणताय? अहो, अशी चाकं पुन्हा मिळतात का कुठे!

आणि बायकोला सुट्टी रविवारचीच. म्हटलं, सकाळी लवकर निघू. तिची आवराआवर चारच्या आत उरकली आहे का कधी? ठेवणीतला कपडा काढला, अत्तर लावलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा गाडीत बसली, आणि मला म्हणाली, 'बाई गं, खरंच चालली की!' काय तो चेहरा! आणि पुढच्या मिनिटाला गाडी वळली.

'अहो, तळं तिकडे.'

'हो.'

'मग इकडे कुठे?'

काय सांगू? चाकं नेतायत म्हणून सांगू? मागच्या दाराशी गाडी थांबली. दार उघडलं. काकू तयारच! केस विंचरलेले, खांद्याला पर्स. 'आज उशीर झाला,' म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही हो... चाकाकडे बघून. पण बायकोनं माझ्याकडे बघितलं! तुम्हाला सांगतो, स्टिअरिंग माझ्या हातात होतं, संसार सुटत चालला होता.

'कधीपासून चाललंय हे?' एवढंच विचारलं तिनं, तेही हळू. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

काकू मागे बसल्या. मधे नाही, एका कडेला, अंग चोरून. गाडी आपली आपण निघाली. मी आरशात बघतो, बायकोही आरशात बघतेय. काकूंच्या शेजारची गादी खाली दबलेली. माणूस बसल्यावर दबते ना, तेवढीच. आणि काकूंचा हात गादीवर नव्हता. गादीच्या वर, वीतभर, हवेत, कशावर तरी निवांत टेकवलेला. बायकोनं माझा दंड पकडला. नखं रुतली, पण खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. तिला पटलं होतं.

तळ्यावर पोचलो. मागची दोन्ही दारं उघडली. काकू एका दारातून उतरल्या. दुसरं दार कुणी हात न लावता हलकेच बंद झालं, घड्याळाचं झाकण मिटावं तसं.

आता दर रविवारी चौघं जातो. बायकोची भीती दुसऱ्याच रविवारी गेली. हल्ली ती मागेच बसते, त्या दबलेल्या गादीच्या पलीकडे, आणि तासभर बोलत असते. गुडघे, ऑफिस, माझी बहीण, मी! परवा उतरताना मला म्हणते, 'अहो, ते किती शांतपणे ऐकून घेतात हो! मधेच तोंड घालत नाहीत, सल्ले देत नाहीत. शिका जरा!'

आता मेलेल्या माणसाशी कुठे बरोबरी करायची? गाडीत तोंड उघडणंच सोडलंय मी. म्हणून तर इथे तुम्हाला धरून बसवलंय!