मौनी पाहुण्याचं जेवण

पाहुण्याले पोटभर जेवू घालाची हौस असेल, तर हे ऐका. पंचावन्न-छप्पनची गोष्ट असेल. इटलीचा एक ख्रिस्ती संन्यासी वडशाले मराठी शिकाले आला होता. त्याले मी शिकवत होतो. एका दुपारी त्याले घरी जेवाले नेलं.

आपल्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणेपर्यंत वाढत राहतात. हा काही बोलेचना. ताट साफ करे आणि मायकडे पाहून हात जोडे. माय पुन्हा भात वाढे. शेवटी आमच्या वाट्याचा भातही त्याच्याच ताटात गेला. तो घामाघूम झाला होता, पण जेवत होता.

हात धुतल्यावर मी विचारलं, "पुरे काऊन नाई म्हटलं?"

"जेवताना बोलायचं नाही आणि ताटात काही उरवायचं नाही, असा आमच्या मठाचा नियम आहे."

माय म्हणाली, "घरच्यायनं उपाशी राहाचं, हा बी मठाचाच नियम का, भाऊ?"

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा जेवाले आला. अंगणातच थांबला आणि पाय धुवायच्या आधी म्हणाला, "बाई, पुरे."

मायनं पाण्याचा लोटा पुढे केला. "बसा तं आंधी. अजून चूल पेटाची आहे."