निरोपाचा नारळ

नागापूरच्या बसच्या रांगेत, रणरणत्या उन्हात, माझ्यापुढे मामा-भाचे उभे होते.

"जालिंदर, बायकोच्या बाळंतपनाला अमेरिकेला जानार हुतास ना?"

"मुंबईतच, व्हिसाच्या हापिसात अडवलं, मामा. शालन तिकडं नर्स. तिच्यासंगं कायमचं राहायचा माझा अर्ज अजून पडूनच हाय. म्हटलं, तवर पाहुना म्हनून जाऊ द्या."

"मग?"

"साहेबानं इचारलं, माघारी येनार कशावरून? म्हटलं, घाईच न्हाई, नोकरी सोडून, निरोपाचा नारळ घिऊन आलोय."

"आरं येड्या!"

"वाटलं, मागं पाश नसला की लवकर सोडत्यात."

"आता कुठं निघाला?"

"कारखान्यात. परत घेत्यात का बघतो."

"आन् शालन?"

"मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या तिथलीच. तिला कुनी न्हाई इचारलं, माघारी जानार का म्हनून."