बोलणं संपलं की

सांगलीच्या दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत साक्षी बसली होती. पुढच्या बाकावर एक निवृत्त फौजी आणि मांडीवर वॉकीटॉकी घेतलेली एक म्हातारी यांचं चांगलंच जुंपलं होतं.

"सुलाबाई, कालच्या सरावात पुन्ना चुकलासा. पुरात मोबाईल बंद पडलं, तर गल्लीला ह्यो एकच आधार हाय."

"आवं नाथाजीराव, बटण तर बरुबर दाबलं की!"

"बटणाचं न्हाई वो. बोलणं संपलं की 'आऊट' म्हणायचं. तुमी काय म्हणलासा?"

"'येते' म्हणलं."

"फौजेत आसं कुणी बोललं असतं, तर मैदानाला चकरा मारल्या असत्या."

"मी काय फौजेत हाय व्हय? निघताना 'जाते' म्हणू नये. आन् तुमचं 'आऊट' तर त्याच्याबी वरचं."

"ही रेडिओची रीत हाय, उंबऱ्याची न्हवं."

"आमचं मालक जलमभर 'येतो' म्हणूनच घरातनं निघायचं. पुराच्या दिवशी म्हशी सोडाय पळालं, तवा घाईत 'जातो' म्हणलं."

"मग वो?"

"म्हशी पोहत परत आल्या. मालक न्हाई."

"सुलाबाई कोण?" नर्सनं हाक मारली.

"धरा जरा," म्हणत वॉकीटॉकी नाथाजींच्या हातात देऊन म्हातारी आत गेली. तेवढ्यात तो खरखरला.

"नाथाजीकाका, धनाजी बोलतोय. सांजच्या सरावाला हायसा न्हवं? ओव्हर."

"व्हय, हाय."

बोलणं संपलं, तरी नाथाजींचा अंगठा बटणावरच होता. साक्षीनं मान वर केली.

"येतो," नाथाजी म्हणाले.