भट्टीवाल्यायची सभा

दारूची सभा म्हणे! अवं बायांनो, तुमाले सांगते, भजनी मंडळाची सभा असते, सोसायटीची असते, पण चोरून भट्टी लावणाऱ्यायची सभा कोणी आयकली काय? अन् तिथं कोण चाललं? आमचे हे! जलमात थेंब तोंडाले लावला नाही, माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली, "पेलो तं रुखमा मरंल!"... अन् धंदा कोणता धरला? मोहाची दारू गाळाचा! आता बोला!

मी म्हटलं, "कायले जाता?" तं म्हणते, "चिखल्याच्या जंगलात साऱ्या जिल्ह्याचे भट्टीवाले जमून राहिले. नव्या माणसाचा माल तिथं पास झाला नाही, तं त्याले कोणी नाल्यावर भट्टी लावू देत नाही." म्हणजे उन्हाळाभराची मेहनत मातीत! अन् पहाटे उठून मोहफुलं वेचली कोणी? म्या! कंबर कोणाची गेली? माही! म्हणून मंग मीबी निघाली बाप्पा.

आता एसटीत शिशी न्यायची कशी? यायनं डोकं चालवलं. शिशीले टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळली अन् देली माह्या मांडीवर. भंडाऱ्यापर्यंत थोपटत गेली मी! कंडक्टर म्हणते, "लेकरू लय गुणाचं हाय बाई, रडतच नाही." बाजूची म्हातारी नाक वर करून, "वास कायचा येते वं?" तं हे खिडकीबाहेर पाहत म्हणते, "औषध पाजलं, आजी."

अन् तिथं पाहते तं काय! झाडाखाली सतरंजी, हार, अगरबत्ती... पोलिसायले लपून भरवलेली सभा, अन् स्वागताले डफडं वाजून राहिलं! भय्याजी म्हणून सगळ्यात जुने भट्टीवाले, त्यायले भोंगा कायले पाहिजे? "बंधूंनोऽऽ! काही लोकं फुलं भिजवून आंबवलेल्या सडव्यात युरिया टाकून राहिले! आपल्या धंद्याचं नाव खराब होऊन राहिलं!" नाव! चोरीच्या धंद्याचं नाव! दारूची सभा म्हणे!

मंग आली आमची पाळी. भय्याजीनं आमच्यातली थोडी इस्तवावर टाकली, निळा जाळ भप्पकन उठला, सारे म्हणते वाऽऽ! हे असे फुगले! तं भय्याजी यायले म्हणते, "आता रीत. गोमाजी, पहिला गिलास ज्यानं गाळली त्यानं प्यायचा, साऱ्यायसमोर. जो स्वतःची पेत नाही, त्याच्या मालाचा काय भरोसा?"

झालं! यायचं तोंड उतरलं. एकदा गिलासाकडे पाहते, एकदा माह्याकडे. पेलं तं बायको जाते, नाही पेलं तं भट्टी जाते! अन् तुमाले सांगते, लवकर ठरेचना ना यायचं! बायको का भट्टी, भट्टी का बायको... असा राग आला मले! हिसकला गिलास, म्हटलं, "फुलं म्या वेचली, सडवा म्या घातला, जाळ म्या लावला, हे नुसते बूच लावते!" अन् डोळे मिटून गटकन... आई वं! पोटात वणवा लागला!

"पास! पास!" सारे ओरडले. दुसरा गिलास कोणं देला मले ठाव नाही. अध्यक्षीण केलं म्हणे मले, अन् भाषणबी केलं म्हणे म्या! युरियावाल्यायच्या सात पिढ्या उद्धारल्या. हे सारं यायनं परत येतानी एसटीत सांगितलं, तोंड एवढंसं करून.

अन् शेवटी काय बोलली म्हणता मी? "पुढच्या बरसची सभा दिघोरीले, माह्या अंगणात! साऱ्यायनं जेवाले या!" दारूची सभा म्हणे, अन् माह्या अंगणात! पोलीस पाटलाच्या भिंतीले लागून अंगण माहं! पाहता पाहता बरस सरलं, अन् उद्या येऊन राहिले ना बाप्पा सारे! यायनं तं हात वर केले, "तूच बोलावलं, तूच पाहा."

म्हणून तं बसवलं तुमाले. कोण भात रांधते, कोण वाटण वाटते, सांगा लवकर... अन् पोलीस पाटलीणबाई, तुमी कायले उठून राहिल्या? बसा! भाताले तुमचाच मोठा गंज लागंल.