निळं पेट्रोल

— नाही, आत नको येऊस, तिथंच दारात थांब, खाली सगळं ऑइल सांडलंय आणि बूट चांगले दिसतायत तुझे. आणि गाडी कधी होणार हे विचारू नकोस. शॉनानं पाठवलंय ना तुला? तिला सांग, वेंडलनं शनिवार म्हटलं म्हणजे शनिवार. आज गुरुवार. मग? गाडी नोलनच्या, म्हणजे तुझ्या, डोळ्यांसमोर नीट चालली तरच पोरगी शनिवारी इकडं येणार — असंच म्हणाली ना तुझी बायको? ठाऊक आहे मला. माझी बायको होती तेव्हाही असंच म्हणायची, आधी दाखव, मग बोल. दमलो रे बाबा मी दाखवून दाखवून.

बघ, ही बघ. सात वर्षांच्या पोरीची गाडी, चार चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, माझ्या कमरेलासुद्धा लागत नाही, आणि तीन आठवडे झाले हिच्यापुढं गुडघे टेकून बसलोय. चर्चमध्ये एवढा बसलो असतो तर एव्हाना माफी मिळाली असती. सगळं नवं घातलंय, मास्तर, सगळं — पिस्टन नवा, रिंगा नव्या, सिलिंडर घासून आणला, गॅस्केटं नवी, क्रँकचे सीलसुद्धा नवे. पिस्टनवर बाण असतो, तो सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचा, तेवढं कळतं मला, आठवीत शाळा सोडली म्हणून काय झालं. आणि सुरू होते, बरं का. दोरी ओढली की पहिल्या झटक्यात सुरू होते. सुरू झाली की कुणी हात लावलेला नसताना रेस आपली आपण वर चढते, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी किंचाळते — आणि अंगठ्यानं रेस द्यायला जावं तर गप्पकन गुदमरते. बंद. कार्बोरेटर चार वेळा खोलला. जेट साफ केलं, मोठं जेट घालून बघितलं, फ्लोट बघितला, केबल बघितली, प्लग बदलले. काढला की प्लग पांढराफटक, भाजल्यासारखा. म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा ओढतेय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण कुठून? काल पाना फेकला मी, तो बघ पत्र्याला पोचा. त्याच्या आधीचे पोचे जुने आहेत, ते मोजू नकोस.

काय? हो, मीच काढला होता ऑइलचा पंप, त्यात काय लपवायचंय? या खोऱ्यात सगळेच काढतात. कंपनी एक छोटा पंप देते, तो आपोआप ऑइल सोडतो म्हणे, आणि एक दिवस सोडायचा थांबतो आणि इंजिन जातं. त्यापेक्षा आपल्या हातानं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं, झाकण लावावं, डबा हलवावा. माझा बाप लाकडं तोडायच्या करवतीत असंच घालायचा. आपल्या हातानं केलेल्याची खात्री असते. म्हणून तर पोरीच्या, एमरीच्या, वाढदिवसाला गाडी तुमच्याकडं नेली तेव्हा मी फोन करून सांगितलं होतं, दहा वेळा सांगितलं होतं, की साधं पेट्रोल नाही घालायचं, मिसळलेलं घालायचं. आणि तू —

माहीतंय. तू घातलं होतंस म्हणतोस. कपानं मोजून. तू मोजलं असणारच, तू पॅनकेकचं पीठही मोजून घेत असशील. पण इंजिन जाम झालं ना? तुमच्या उतारावर, पुरत्या रेसमध्ये, मागची चाकं अशी खाडकन जागच्या जागी थांबली आणि पोरगी हँडलवरून पुढं. मी होतो का तिथं? नव्हतो. मी लाकूड कापायच्या गिरणीत फळ्या रचत होतो. मला फोन आला तेव्हा कुणी म्हणेना की हाड गळ्याजवळचं मोडलंय, नुसतं म्हणाले पडली आहे, ये. वीस मैल. ते वीस मैल तू नाही चालवलेस, मास्तर.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी जे बोललो ते बोललो. नर्सा खिडकीतून बघत होत्या, बघू दे. तुझी कॉलर धरली, तू हातसुद्धा वर केला नाहीस. त्यानंच माझं डोकं जास्त फिरलं. माणसानं निदान ढकलावं तरी. तू आपला म्हणत राहिलास, वेंडल, मी मिसळलं होतं, वेंडल, मी मिसळलं होतं. आणि मग मी वर जाऊन पोरीला सांगितलं. काय सांगितलं म्हणजे? हेच, की नोलननं तुझ्या गाडीत भलतंच पेट्रोल घातलं, म्हणून तू पडलीस. तिनं विचारलं होतं. हात गळ्यात बांधलेला, आणि विचारते, डॅडी, माझं काय चुकलं? मी काय सांगायचं तिला?

अजून? — चार महिने झाले की. अजून बोलत नाही तुझ्याशी? ताट घेऊन खोलीत जाते? हे शॉनानं नाही सांगितलं मला. मला वाटलं आठवडाभर फुगून बसेल आणि विसरेल. नाही, खोटं कशाला बोलू, मला नाही जमत — बरं वाटलं होतं मला. घर तुझं, तिची आई तुझ्याकडं, शाळेत तूच शिकवतोस, सकाळी केसांची वेणी घालायला शिकलास म्हणे व्हिडिओ बघून. माझ्याकडं काय होतं? ही गाडी. दर दुसऱ्या शनिवारी ही गाडी, आणि मी मागं दोरी धरून पळतोय. माहीत नाही तुला दोरीचं? सुरू करायची नव्हे, मागं आणखी एक दोरी असते, ती ओढली की इंजिन बंद. लहान मुलांसाठी. पोरगी पुढं, मी मागं दोरी हातात घेऊन, सगळं रान पालथं घालायचो. एवढा धापा टाकायचो की ती थांबायची, वळून म्हणायची, डॅडी, तू बस, मी मागं पळते.

हं. तर.

जुना पिस्टन बघायचाय? तो खिडकीत ठेवलाय बघ. घे हातात, काही होत नाही. ओरखडे दिसले? एका बाजूलाच आहेत. ऑइल नसेल तर कसा घासतो माहितीये, चहूबाजूंनी, सुका, गोल फिरून. हा नुसता सायलेन्सरच्या बाजूला. म्हणजे — म्हणजे काही नाही, तापला असेल. उन्हाळा होता. मे? इथं मेमध्ये गारठा असतो म्हणून काय ऊन नसतं? आणि क्रँक खोलला तेव्हा खाली ओलं होतं, बोटाला ऑइल लागलं. जुनं असेल. खालच्या बाजूला जुनं ऑइल राहतं कधीकधी. आठवडाभर राहतं, महिनाभर —

टाकीतलं? ओतून दिलं. त्याच संध्याकाळी, तुमच्याकडून गाडी आणली आणि आधी टाकी रिकामी केली. का म्हणजे काय, खराब पेट्रोल कोण ठेवतं घरात? तिथं बाहेर, पांढरी खडी टाकलीय ना रस्त्यावर, तिथंच ओतलं. कसलं दिसलं असणार, पेट्रोल ते पेट्रोल. हो, या ऑइलला निळा रंग असतो. मिसळलेलं ओळखू यावं म्हणून घालतात. हो, मिसळलं की पेट्रोल निळसर दिसतं. पांढऱ्या खडीवर तर दिसणारच.

मी नीट बघितलं नाही. — मी नीट बघितलं नाही, नोलन. वरून लगेच पाण्याचा पाइप मारला.

जाऊ दे. उभा कशाला राहिलास नुसता, ये आत, बूट गेले खड्ड्यात. हे हँडल धर, पुढचं चाक भिंतीला टेकवून ठेव. मी हा फवारा मारतो, कार्बोरेटर साफ करायला वापरतात तोच. जिथून हवा ओढत असेल तिथं हा आत जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. कालच मारणार होतो, पाना फेकण्यात वेळ गेला. धरलंस? दोरी ओढतो. — हां. ऐक कशी किंचाळतेय. अंगठा नको लावूस! मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही! सिलिंडरच्या खाली मारतो, गॅस्केटवर — काही नाही. वर, हेडवर — काही नाही. सीलच्या बाजूला — सील चांगलं बसलंय, मीच ठोकलंय. कार्बोरेटरच्या मागं, जोडावर —

थांब.

आवाज पडला ना? तुलाही ऐकू आला? परत मारतो. — पडला. परत. — बंद कर. लाल बटण, लाल! बंद कर म्हणतो!

नाही, जोड नाही तो. त्याच्या बाजूची ही बारकी नळी. पंपाचं ऑइल इथून आत जायचं. पंप काढला की ही उघडी राहते, तिला टोपण लावावं लागतं. हे रबरी टोपण. मी लावलेलं. वरून चांगलं दिसतं, बघ, काळं कुळकुळीत. आणि खालून — हे खालून बोट फिरव. चिरलंय. पार फाटलंय, करंगळीचं नख जाईल. इथून हवा ओढत होती. हवा जास्त, पेट्रोल कमी, पिस्टन तापतो, सायलेन्सरच्या बाजूला जास्तच तापतो, आणि मग चाकं —

दीड वर्ष झालं मी हे लावल्याला. सगळं नवं आणलं, प्रत्येक वॉशर नवा, आणि हे तेवढं होतं तसंच परत बसवलं. कारण हे मीच लावलं होतं ना. माझ्या हातचं कशाला तपासायचं?

बोलू नकोस. बरं काहीतरी बोलणार आहेस, तोंडावर दिसतंय तुझ्या, ते तर अजिबात बोलू नकोस. शिव्या देणार असशील तर दे. नाही? मग गप्प बस. उलटून हात उचलणारा माणूसच नाहीस तू, कॉलर धरली तेव्हाही नव्हतास.

टोपण उद्या मिळेल, चार आण्याची वस्तू आहे, बसवलं की गाडी चालेल. शॉनाला सांग, चालते. नाही — तिला अजून काहीच सांगू नकोस. आणि पोरीला तर तू सांगायचंच नाही. तू सांगितलंस तर तिला वाटेल तू स्वतःला वाचवतोयस. पाठ फिरवून निघून जाईल, माझ्यावर गेलीय ती. तिला मी सांगणार. फोनवर नाही. शनिवारी घेऊन ये तिला, पण गाडी मी लगेच नाही चालू करणार. आधी इथं उभी करणार, हे टोपण हातात देणार आणि सांगणार की तू पेट्रोल बरोबर घातलं होतंस. मग ती इथं थांबते का, तिची ती बघेल.

आणि ऐक. तिला सोडून लगेच निघून जाऊ नकोस. खाली, वळणाच्या पलीकडं, गाडी लावून बसून राहा थोडा वेळ. अर्धा तास. तिला परत तुझ्याबरोबर यायचं असलं तर.

ते हँडल सोड आता. जा. जा म्हणतो ना.