बोंडं धरलेलं झाड

छप्पन्न सालचा ऑक्टोबर. नवं मध्य प्रदेश राज्य व्हायचं होतं आणि सरकारी नोकरांना कुठं राहायचं ते लिहून द्यायचं होतं. उज्जैनच्या देवास गेट बसस्थानकावर तिकिटाच्या रांगेत एक म्हातारे काका होते आणि कडेवर कपाशीची कुंडी घेतलेली, कॉलेजात शिकवणारी त्यांची पुतणी.

“विनोदिनी, इंदूरला अर्ज देऊन येऊ. पुणं लिहिलंय मी.”

“माझ्या अर्जावर तुम्ही लिहिलंत?”

“इथं राहून ना धड मराठी, ना धड हिंदी. या तुझ्या झाडासारखी!”

“याची आई अमेरिकन, बाप देशी. आधी वांझच होतं. मग कोंबाला औषध लावलं, गुणसूत्रं दुप्पट झाली. आता दोघांचेही संच अख्खे आहेत, जोडीनं. मोजा की बोंडं!”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. आईशी मराठीत भांडते, वर्गात हिंदीत शिकवते. माझ्यात अर्धं काही नाही, काका.”

“अगं, अर्जात रकाना एकच आहे!”

“पेन द्या.”

तिनं कुंडी काकांच्या हातात दिली, पुणं खोडलं आणि उज्जैन लिहिलं.

“बोलिए बहनजी, इंदौर के दो?” खिडकीतून तिकीटवाल्यानं विचारलं.

“एक ही, भैया. अर्ज़ी काका दे आएँगे. मेरी तो क्लास है.”