हिला दूध नाय, असं मीच बोलली होती

माजं माहेर केळव्याचं. बापाची होडी होती, आई बोंबील वाळत घालायची आणि आमी पोरी कावळे हाकलायच्या, एवडंच आमचं शिक्षण. लग्न होऊन आली ती इकडं तारापूरच्या बाजूला, आणि हळद उतरायच्या आत सासूनं डोक्यावर मासळीची पाटी दिली, बोलली चल, बोईसरचा बाजार बघ. घरात सासूपुढं तोंड उघडायची सोय नव्हती म्हणून बाजारात मी सगळं बोलून घ्यायची, त्यानं आवाज वाढला तो वाढलाच. आता पाटी सुनेकडं गेली, आवाज तेवडा माज्याकडं राहिला.

तुमी आलाय माज्या नातसुनेचं आणि पणतूचं ऐकायला, पण पहिलं माजं ऐका, नायतर तिची गोष्ट कळायची नाय.

माजा पहिला पोरगा झाला तेवा मी एकदम शाणी होती. म्हणजे मला तसं वाटायचं. पोर अंगावर घेतलं की असं चावल्यावानी दुखायचं, की डोळ्यांत पाणी यायचं, पण सांगणार कोणाला, आणि सांगायचं तरी काय, छातीचं नाव घ्यायची लाज. मंग मी पोरालाच समजवायची. घे रे, ताजं हाय, आताचं हाय, घे! गिऱ्हाइकाला बोलतात तसं, खोटं नाय सांगत. पोर तोंड फिरवायचं आणि मला वाटायचं हा माज्यावर रुसलाय. अजून तोंडावरची माशी हाकलता येत नाय ते पोर रुसणार कशावर? पण नाय, मी रुसव्याची समजूत काढत बसायची. मंग कोणीतरी बोललं नजर लागली, तर मी झंपर उलटा घालून हिंडली, शिवण बाहेर, सगळा बाजार हसला. आणि एका बाजूला गाठ आली, अंग तापानं फणफणलं, तरी मी फडक्यानं करकचून बांधून पाटी घेऊन बाजारात. तिथं कोणाचंही पोर रडलं की माज्या दुधाला पाझर फुटायचा, आणि मी अंगावर मासळीचं पाणी शिंपडून घ्यायची, म्हणजे कोणाला कळायला नको. एवडी अक्कल! शेवटी जावेनं माज्या पोराला पाजलं म्हणून तो जगला. माजी ती बाजू आटली ती आटलीच, पोरगा एका बाजूवर वाढला. आज आजोबा झालाय, चालताना जरा कलतो, मी बोलते त्याच्यामुळंच, तर तो चिडतो.

तर त्याचा पोरगा निलेश, माजा नातू, एमआयडीसीत कामाला हाय. तिथंच कंपनीत ही प्रणाली भेटली. जळगावकडची माणसं, बाप कंपनीतल्या नोकरीपायी बोईसरला आलेला, घरात मासळीचा वास नाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिच्या आईचा पाय मोडलेला, पलस्तरात, मंग आमीच बोललो इथं आणा. मी तर खूश. बाळंतीण सांभाळायची म्हणजे माजं राज्य.

पोट फाडून बाळ काढलं, मुलगा. दवाखान्यात सिस्टरनं पाजायचं कसं ते दाखवलं म्हणे, पण खाटेभोवती आमीच एवड्या बाया गोळा झालो होतो, हा कोणावर गेला, नाक कोणाचं, कान कोणाचे, की ती काय बोलली ते पोरीच्या कानापर्यंत पोचलंच नाय. घरी आल्यावर सुरू झालं. पोर रडायचं, प्रणाली त्याला अंगाशी घ्यायची, ते टोक धरायचं, सोडायचं, पुन्हा रडायचं, आणि ही ओठ चावून भिंतीकडं तोंड करून बसलेली, डोक्यावरनं ओढणी. मी एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि निकाल दिला. हिला दूध नाय.

आता आमच्यात दूध नाय म्हटलं की औषध एकच, मुशी. तुमी बघितली असंल, खरखरीत कातडीचा, तोंड खाली असलेला मासा. बाळंतिणीला मुशीचं कालवण दिलं की दूध येतं, हे माजी आई सांगायची, तिची आई सांगायची. मी आळीत निरोप धाडला. मंग काय, जी बघायला येईल तिच्या हातात मुशीचा टोप. ज्या पोरीनं जन्मात सुका जवळा तोंडाला लावला नव्हता ती नाक दाबून कालवण प्यायची, पोरासाठी, आणि मला विचारायची, आजी, आता येईल ना हो दूध? मी बोलायची येणार, येणार, अजून एक वाटी घे. आणि बाया समोर बसलेल्या, बघू पितो का, अगं असा धर, तसा धर, आमच्या वेळी असं नव्हतं. मीपण त्यांच्यात. सगळ्यात मोठ्यानं मीच.

मुशी वाढत गेली आणि पोर उतरत गेलं. तुमाला सांगते, रडणारं पोर परवडतं. एका दुपारी ते रडायचं थांबलं. नुसतं पडून, डोळे मिटलेले, हलवलं तरी कुरकुर नाय. सकाळी बांधलेलं लंगोट मी सोडलं तर कोरडं. तसंच घडी केल्यावानी कोरडं. प्रणालीला उठवायला गेली तर तिचं अंग तव्यासारखं, आणि ती उजव्या बाजूला हात लावू देईना. मी ओढणी बाजूला केली. लाल, घट्ट, वर गाठ.

ती गाठ बघितली आणि मला ते माजं बांधलेलं फडकं आठवलं. शेजारची चंद्री बोलली भगताकडं नेऊ या, पोराला काहीतरी लागलंय. मी बोलली, चंद्रे, भगताला काय छाती हाय काय, रिक्षा बोलव.

निलेश कंपनीतनं परस्पर दवाखान्यात येतो बोलला. रिक्षात मी पोर मांडीवर घेतलेलं, बोईसरच्या रस्त्याला नुसत्या टँकरच्या रांगा, रिक्षा हलेना, आणि मी दर थोड्या वेळानं पोराच्या नाकापुढं बोट धरायची. श्वास लागला की पुन्हा बोट धरेपर्यंत बरं वाटायचं. प्रणाली खिडकी नसलेल्या त्या रिक्षात बाहेर बघत होती, आणि एकदम बोलली, आजी, मी नापास झाले. मी बोलली, पोरी, ही काय दहावी हाय? ती बोलली, सगळ्यांना जमतं, मलाच नाही जमत. मला सांगावंसं वाटलं की बाई, मला पण जमलं नव्हतं, पण तोंडात आलं नाय. एवडी वर्षं बाजारात ओरडली, आणि एवडं एक वाक्य येईना.

डॉक्टरीणबाईनं पोराला तपासलं, टाचेचं रक्त घेतलं, तेवा पण ते जेमतेम कण्हलं. प्रणालीला तापाचं आणि गाठीचं औषध दिलं, आणि बोलली औषध चालू असलं तरी पाजायचं, त्या बाजूनं पण, थांबायचं नाय. मंग सिस्टर आली, जाडी, पायात कापडी बूट, तोंडावर हसू नाय. मी लगेच सुरू. सिस्टर, हिला दूधच नाय, मुशी चालू हाय, तरी येत नाय, काय टॉनिक असंल तर द्या. ती माजं सगळं ऐकून घेत होती, ऐकता ऐकता तिनं गरम फडक्यानं शेकलं आणि कडेनं नुसती बोटं दाबली. काय सांगू तुमाला, पिचकारी! सरळ माज्या चष्म्यावर. दूध नाय, दूध नाय म्हणणारी मी दुधानं आंधळी झाली. आणि एवड्या तापात, एवड्या दुखण्यात ती पोरगी हसली. मला चष्मा पुसायचं भान नाय, मी तिचं हसू बघत राहिली.

सिस्टर बोलली, दूध भरपूर आहे आजी, निघत नाही म्हणून दगड झालाय. पहिलं तिनं हातानं थोडं काढायला शिकवलं, ते वाटीत धरून चमच्यानं पोराला पाजलं, थेंब थेंब. पोरानं जीभ हलवली, मंग गिळलं, मंग डोळा उघडला. छाती जरा मऊ पडली तशी बोलली, आता घे त्याला. पोटाला पोट, हनुवटी टेकलेली, तोंड जांभईएवडं उघडलं की मंगच आत. नुसतं टोक नाही द्यायचं, भोवतीचा काळा भागपण तोंडात गेला पाहिजे. ते मला पटकन समजलं. जाळं एका दोऱ्याला धरून वढलं तर बोट कापतं आणि मासा येत नाय, मूठ भरून धरावं लागतं. एवडं साधं, आणि आमी सगळ्या बाया टोपावर टोप रांधत बसलेलो.

पण जमेना. पोर सरकायचं, ही दचकायची, आणि मी मधीच, अगं वर कर, मान धर, अगं असं नाय. सिस्टर बोलली, आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?

मला राग आला. मला बाहेर काढते! बाकावर जाऊन बसली, तिथं निलेश येऊन पोचलेला, घामानं भिजलेला, विचारतो काय झालं, मी बोलली मला काय विचारतोस, मी बाहेरची. आतून आवाज नाय. रडणं नाय, बोलणं नाय. मी दाराकडं बघत बसलेली, निलेश उभा राहतो, बसतो, उभा राहतो. मंग सिस्टरच बाहेर आली, बोलली, पितोय.

निलेश आत धावला. मी उठली, तर तिनं मला धरून खाली बसवलं. बोलली, घरी किती माणसं येतात हो बघायला? मी बोलली, सगळी. ती बोलली, म्हणून ती भिंतीकडं तोंड करते, पाठ वाकवते, घाईघाईत देते, त्यात टोकच जातं तोंडात. तिला मुशी नको, तिला दार बंद पाहिजे. सांभाळाल दार?

बाई, मला असं काम कोणी दिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासनं मी दारात पाट टाकून बसली. चंद्री आली टोप घेऊन. बोलली, सर गं, बाळ बघते. मी बोलली, बाळ तिथंच हाय, पळत नाय. ती बोलली, एवडी मुशी केलीय. मी बोलली, तुज्या नवऱ्याला घाल, त्याला येऊ दे दूध. आठवडाभर बोलली नाय माज्याशी. बोलली नाय तर नाय.

एका दिवसात सगळं बरं झालं असं समजू नका. एक दिवस पोर नीट प्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ती कळ, पुन्हा ते तोंड फिरवणं, आणि मला आतून तिचं हुंदकणं ऐकू यायचं. तेवा मी दारातूनच सांगितलं तिला, माजं ते सगळं, फडकं, उलटा झंपर, ताजं हाय घे. बाहेर तोंड करूनच सांगितलं, आत बघितलं नाय. ती आतून बोलली, आजी, तुम्हालापण? मी बोलली, मला पण. मंग बोलली, निलेशला सांगा, उद्या पुन्हा सिस्टरकडं जाऊ. गेलो. पुन्हा गेलो. पोराचं वजन करायच्या दिवशी मी काट्याकडं बघायचीच नाय, आयुष्य तागडीवर गेलं माजं, पण त्या काट्याकडं बघायची छाती नाय झाली. डोळे मिटून उभी. आणि अंगणवाडीची ताई बोलली, आजी, उघडा डोळे, वाढलाय.

आता तो बसायला लागलाय, नाक कोणाचं ते कोणी विचारत नाय, नाकातनं जे वाहतं ते मलाच पुसावं लागतं. प्रणालीची रजा संपत आलीय, दूध काढून कसं ठेवायचं ते पण ती सिस्टरकडनं शिकून आली, तरी पोराला सोडून कामावर जायला तिचा जीव होत नाय, आणि खरं सांगू, माजा पण नाय. वाटीनं पिईल ना माज्या हातनं? पिईल, पिईल, असं मी तिला बोलते. मला कोण बोलणार?

लिवताय ना? मंग हे पण लिवा. ज्या घरात लेकुरवाळी असंल तिथं पहिलं तिला विचारा, बाई, दुखतं का? आमाला कोणी विचारलं नाय, मंग आमी पण कोणाला विचारलं नाय. देव करो, तुमच्या लेकीसुनांची पोरं पोटभर पिऊन झोपोत, आणि दाराशी माज्यावानी एक खवट म्हातारी बसो, जी कोणाला आत सोडणार नाय. तुमी पण आता उठा. पोराची प्यायची वेळ झाली.